टॅब गणिताच्या तासाला द्यायचे की तासाव्यतिरिक्त?

कोरी पाटी · रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. तिन्ही वर्गांचा पट मिळून ४१. गावातल्या मुंबईकर मंडळींनी यंदा जत्रेच्या वर्गणीतून उरलेले पैसे शाळेला द्यायचं ठरवलंय. त्यातून १४ टॅब येणार आहेत. टॅबमध्ये गणिताचं सॉफ्टवेअर आहे, ते म्हणे 'मुलाची पातळी ओळखून' प्रश्न देतं. विकणारे गृहस्थ येऊन प्रात्यक्षिक दाखवून गेले. पडद्यावर हत्ती नाचला, टाळ्या वाजल्या, सरपंच खूश.

प्रश्न वेळापत्रकाचा आहे. मुख्याध्यापक आणि मुंबईकरांचं मंडळ दोघांचंही म्हणणं असं की आठवड्यातले गणिताचे दोन तास टॅबला द्या. अभ्यासक्रम त्यात आहेच, बाईंनाही तेवढीच उसंत. ऐकायला बरं वाटतं. पण महिनाभर रात्री बसून या विषयावरचं हाताला लागेल ते वाचतेय आणि एका अभ्यासापाशी अडकून पडलेय.

गुजरातेत ज्ञानशाला नावाची संस्था गरीब मुलांसाठी एका खोलीच्या शाळा चालवते. तिथे ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने दुसरी-तिसरीच्या मुलांसाठीच्या गणिताच्या संगणक-कार्यक्रमाची तपासणी केली (निबंध २००८ चा). एका वर्षी संगणकाचा वेळ शाळेच्या वेळेतून कापून घेतला. पुढच्या वर्षी तो शाळेच्या वेळेबाहेर, वरचा म्हणून दिला. पहिल्या पद्धतीत मुलं ०.५७ प्रमाण विचलनाने मागे पडली. दुसऱ्या पद्धतीत ०.२८ ने पुढे गेली.

ज्यांना हे आकडे परके वाटतात त्यांच्यासाठी: शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी करा. मधोमध उभं असलेलं मूल ०.२८ ने पुढे गेलं म्हणजे त्याने साधारण ११ जणांना मागे टाकलं. ०.५७ ने मागे गेलं म्हणजे २०-२२ जण त्याच्या पुढे निघून गेले.

यंत्र तेच, आणि वेळापत्रकातली जागा बदलली तर फायद्याचा तोटा होतो. शाळेच्या वेळात टॅब दिला तर तो कुणाच्या जागी बसणार? माझ्या. (हे लिहिताना मी स्वतःचीच खुर्ची राखतेय की काय असंही वाटून गेलं.)

पण तासाव्यतिरिक्त म्हणजे कधी? आमची निम्मी मुलं वाड्यांवरून येतात. पाचनंतर थांबवलं तर अंधार होतो. मुलींना घरी गेल्यावर पाणी भरायचं असतं, गुरं बांधायची असतात. तुमच्यापैकी कुणी असं काही चालवलंय का? की मी उगाच एका निबंधावर अडून बसलेय?


गोणपाट · रविवार, रात्री १०:१५

आले का परत टॅब! दर चार-पाच वर्षांनी नवं खेळणं येतं आणि जुनं कपाटात जातं.

मी कर्जतचा. आमच्या शेजारच्या खैरातच्या शाळेत २००७ साली त्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप'वाल्या अमेरिकन संस्थेचा भारतातला पहिला प्रयोग झाला होता. हिरवे-पांढरे लॅपटॉप, कान वर केलेल्या सशासारखे दिसायचे. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा, प्रत्यक्षात पडला दोनशेच्या घरात. त्याच लॅपटॉपवर पेरू देशात ३१९ खेड्यापाड्यांतल्या शाळांत रीतसर अभ्यास झाला. पंधरा महिन्यांनी तपासलं तर गणितात फरक नाही, भाषेत फरक नाही. मुलांना लॅपटॉप चालवायला छान यायला लागलं एवढंच.

बाई, त्या पैशातून पत्रे बदलून घ्या. पावसाळ्यात उपयोगी पडतील.


सूर्यफूल_७१ · रविवार, रात्री १०:४०

गोणपाट, पत्र्यांना +१. 😀

मी निवृत्त शिक्षिका. पुण्याची बालचित्रवाणी आठवते का कुणाला? १९८४ साली सुरू झाली, २०१७ ला बंद केली. कार्यक्रम चांगले असायचे हो, खरंच मेहनत घेऊन केलेले. पण आमच्या शाळेतला टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत कपाटात कुलूपबंद. किल्ली लिपिकाकडे, लिपिक तालुक्याला. कार्यक्रमाची वेळ आणि आमचा पाचवीचा गणिताचा तास कधी जुळलाच नाही. दोष कार्यक्रमाचाही नव्हता आणि टीव्हीचाही नव्हता. त्या वीस मिनिटांत मुलांनी आणि बाईंनी नक्की काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं.


निमित्तमात्र · रविवार, रात्री ११:२०

कोरी पाटी, तुम्ही अगदी योग्य निबंधावर अडून बसला आहात. मी बी.एड.च्या मुलांना शैक्षणिक तंत्रज्ञान शिकवतो, त्यामुळे थोडं लांबेल.

पेरूचं उदाहरण बरोबर आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिथे यंत्रं वाटली. कोणाला काय येत नाही हे ओळखून शिकवण्याची काही योजना त्यात नव्हती. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या अभ्यासकाने मांडलेला मुद्दा मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगतो: माध्यम ही किराणा आणणारी गाडी आहे. गाडी कोणती यावर घरातल्यांचं पोषण ठरत नाही, पिशवीत काय आहे यावर ठरतं. रॉबर्ट कोझमा यांनी १९९४ मध्ये त्याला उत्तर दिलं, काही पदार्थ काही गाड्यांतूनच येऊ शकतात अशा अर्थाचं. वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्याकडचा अभ्यास घ्या. बडोद्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' या शैक्षणिक संस्थेने चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. एक तास शाळेच्या वेळात आणि एक शाळेच्या आधी किंवा नंतर. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन (होय, तेच लिंडन) यांचा २००७ चा निबंध आहे. दुसऱ्या वर्षाअखेर फायदा ०.४७ (हे आणि पुढचे असे आकडेही प्रमाण विचलनातच). भरघोस. पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर त्यातला ०.१ च्या आसपास उरला होता. ही ओळ विक्रीच्या पत्रकात कधी छापत नाहीत.

आणि दिल्लीचा, माइंडस्पार्क या संगणकावरच्या शिकवणी-कार्यक्रमाचा अभ्यास, कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०१९ ला आला. सरकारी शाळांतली ६१९ मुलं, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना फी-माफी. शाळेबाहेरच्या केंद्रात आठवड्याला सहा दिवस दीड तास. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७, हिंदीत ०.२३. हे चिठ्ठी लागलेल्या सगळ्यांचं सरासरी, म्हणजे अधूनमधून दांडी मारणारेही त्यात धरलेले. त्यामुळे मला हा आकडा जास्त प्रामाणिक वाटतो.

पण बारकाईने वाचा. दीड तासातली ४५ मिनिटंच संगणक. उरलेली ४५ मिनिटं एक माणूस पंधराएक मुलांचा गट घेऊन बसायचा. यश कोणाचं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.


कोरी पाटी · सोमवार, सकाळी ६:५५

निमित्तमात्र सर, दंडवत. शाळेत जायच्या आधी घाईत लिहितेय. दिल्लीच्या निबंधातली मला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. सहावीत बसलेलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे होतं. आणि ज्यांना चिठ्ठी लागली नाही, नुसती शाळेतच जात राहिली, त्यांच्यातल्या सगळ्यात कच्च्या एक तृतीयांश मुलांची त्या काळात काहीच प्रगती झाली नाही. शून्य. रोज शाळेत जाऊन.

मी माझ्या सातवीकडे पाहते तेव्हा मला ती पाच-सहा मुलं दिसतात. मी फळ्यावर समीकरणं सोडवते, ती सुबक अक्षरात उतरवून घेतात. वहीला बरोबरची खूण मीच करते.


रात्रपाळी · सोमवार, सकाळी ७:३०

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, काही वर्षं अशाच एका कंपनीत होतो. नाव विचारू नका. 'मुलाची पातळी ओळखतं' या वाक्यामागे बहुतेक वेळा काय असतं ते सांगतो, म्हणजे हत्ती नाचला तरी दबून जायला होणार नाही.

१९९५ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉर्बेट आणि अँडरसन यांनी एक पद्धत मांडली. आजही बऱ्याच गोष्टी तिच्यावर किंवा तिच्या नातवंडांवर चालतात. प्रत्येक कौशल्यासाठी चार आकडे: मुलाला हे आधीच येत असण्याची शक्यता, एका प्रश्नातून शिकण्याची शक्यता, येत असूनही घसरण्याची, आणि येत नसताना ठोकून दिलेलं बरोबर येण्याची.

समजा, यंत्राला वाटतंय की मुलाला दशांशांची तुलना येण्याची शक्यता ४० टक्के. घसरण्याची १० टक्के धरा. चार पर्यायांचा प्रश्न आहे, म्हणजे ठोकून बरोबर येण्याची २५ टक्के. मुलाने बरोबर उत्तर दिलं की ४० चे एकदम ७१ होतात. चुकलं तर ४० चे ८. असं करत ९५ च्या पुढे गेलं की 'प्राविण्य मिळवले', चांदणी चमकते, पुढचा धडा. एवढंच आहे ते. वाईट नाही, उलट त्या काळाच्या मानाने फार सुंदर कल्पना आहे. पण तिला मूल दिसत नाही, क्लिक दिसतात.

म्हणून विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तुमचं यंत्र फक्त शेवटचं उत्तर तपासतं की मधल्या पायऱ्याही? कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. फक्त उत्तर तपासणाऱ्या प्रणालींचा फायदा ०.३१. पायरीपायरीला टोकणाऱ्यांचा ०.७६. आणि समोर बसलेल्या माणसाचा ०.७९. म्हणजे पायऱ्या पाहणारं यंत्र माणसाच्या पार जवळ जातं आणि नुसतं बरोबर-चूक सांगणारं अर्ध्यातच राहतं.


पाटपोळी · सोमवार, सकाळी ८:१०

रात्रपाळी, भारी प्रतिसाद. माणसाचा फायदा ०.७९ म्हणालात, पण ते प्रसिद्ध 'दोन सिग्मा', म्हणजे दोन प्रमाण विचलनांचा फायदा, कुठे गेलं? इथे न्यू जर्सीत मुलीच्या शाळेत पालकसभेला एका कंपनीच्या माणसाने तेच सांगितलं: एकास एक शिकवणी मिळाली की सरासरी मूल ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं आणि आमचं सॉफ्टवेअर तेच करतं.


निमित्तमात्र · सोमवार, सकाळी ९:०५

पाटपोळी, तो बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा निबंध. चाळीस वर्षं झाली, प्रत्येक सादरीकरणाच्या दुसऱ्या पानावर तोच आलेख असतो. ब्लूमनी आधार घेतला तो त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचा. थोड्या आठवड्यांचे प्रयोग, ठरावीक धडे, आणि शिकवणी मिळालेल्या मुलांना जमेपर्यंत चाचणी-दुरुस्ती-चाचणी असा क्रमही मिळालेला. त्यानंतर इतका मोठा आकडा सर्वसाधारण शाळांत कुणाला पुन्हा सापडलेला नाही. ब्लूमचा खरा प्रश्न मात्र चांगला होता: एकास एक शिकवणी समाजाला परवडत नाही, तर सगळ्या वर्गाला त्याच्या जवळपास कसं नेता येईल? कंपन्यांनी प्रश्न गाळला आणि आकडा उचलला.

मोठ्या प्रमाणावरचं वास्तव बघायचं तर कार्नेगी मेलनमधूनच निघालेल्या बीजगणिताच्या 'कॉग्निटिव्ह ट्यूटर'चा रँड संस्थेने केलेला अभ्यास आहे, २०१४ चा, अमेरिकेतल्या सात राज्यांतला. पहिल्या वर्षी काहीच फायदा नाही. दुसऱ्या वर्षी माध्यमिकच्या वरच्या वर्गांत ०.२० च्या आसपास. शाळेला ते वापरायला शिकायलाच एक वर्ष गेलं, असा मी अर्थ लावतो.


खारेवारे · सोमवार, दुपारी २:२०

आम्ही रत्नागिरीकडचे, पालक म्हणून लिहितोय. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एक फोन, दोन मुलं आणि नवऱ्याचं कामही त्याच फोनवर. रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर. मोठी मुलगी छत्री घेऊन सड्यावर जायची, व्हिडिओ उतरवून आणायची, मग धाकटा बघायचा. बघायचा म्हणजे काय, गोल फिरणारं चक्र बघायचा. ऑनलाइन शिक्षण हा शब्द ऐकला तरी मला ते चक्र दिसतं.

त्यात जे टिकलं ते बाईंच्या फोनमुळे. साधा फोन. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं लेकराशी बोलायच्या, दोन गणितं तोंडी घालायच्या.


निमित्तमात्र · सोमवार, दुपारी ३:००

खारेवारे ताई, तुमच्या बाईंनी जे केलं त्यावर बोट्स्वानात अगदी त्याच काळात प्रयोग झाला, साडेचार हजार कुटुंबांवर. काहींना आठवड्याला गणिताचे नुसते एसएमएस. काहींना एसएमएस आणि वर शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोनवाल्यांना ०.१२ चा फायदा झाला, नुसत्या एसएमएसवाल्यांना लक्षात घेण्याजोगा नाही. ना व्हिडिओ, ना इंटरनेट. २०२२ मध्ये छापून आलंय.


डबलबेल · सोमवार, दुपारी ३:३०

मंडळी, घरबसल्या जगातल्या उत्तम विद्यापीठांचे कोर्स फुकट मिळतात. स्वयम आहे, एनपीटीईएल आहे. ज्याला शिकायचं तो शिकतोच. तुम्ही उगाच नकारघंटा वाजवताय.


रात्रपाळी · सोमवार, दुपारी ३:४०

डबलबेल, हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सांत २०१७-१८ साली नावं नोंदवलेल्यांपैकी पूर्ण किती जणांनी केले? ३.१३ टक्के. आणि पूर्ण करणारे बहुतेक आधीच पदवीधर, आधीच सुस्थितीतले. 'ज्याला शिकायचं' म्हणजे बहुतांशी ज्याला शिकायची सवय आहे तो.

(स्वयमवर मी स्वतः चार कोर्स सुरू केलेत. किती संपवले ते विचारू नका.)


डबलबेल · सोमवार, दुपारी ३:४५

मी एक संपवलाय. हजार रुपये भरून केंद्रावर परीक्षेला बसायचं म्हटल्यावर संपवला. मुद्दा पोचला. 🙏


ताकभात · सोमवार, रात्री ९:३०

या सगळ्यात चॅटबॉट कुणीच काढला नाही याचं आश्चर्य वाटलं. माझा मुलगा नववीत आहे. गणिताच्या वहीचा फोटो काढतो, फोनवर टाकतो, पाच सेकंदांत पायऱ्यांसकट उत्तर. रात्रपाळी म्हणतात तशा पायऱ्या! बोलतो पण मराठीत, आणि माझ्यापेक्षा शांतपणे समजावतो. गृहपाठाला 'छान' शेरे. सहामाहीला ८० पैकी ३१.


रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:५५

ताकभात, तुमच्या घरात झालं ते तुर्कस्तानात हजारएक मुलांवर तपासून पाहिलंय. बस्तानी आणि सहकाऱ्यांचा निबंध, २०२५ मध्ये छापला गेला. माध्यमिकच्या वरच्या वर्गांतली मुलं, गणित. एका गटाला साधा चॅटबॉट, म्हणजे तुमचा मुलगा वापरतो तसाच. सरावाच्या वेळी त्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली. ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के कमी पडली. आणि आपण कमी शिकलोय याचा मुलांना पत्ताच नव्हता.

दुसऱ्या गटाच्या चॅटबॉटला मात्र बांधून ठेवलं होतं: उत्तर सांगायचं नाही, इशारा द्यायचा, आणि मुलं कुठे चुकतात ते शिक्षकांनी आधी लिहून दिलेलं. सरावात त्यांची उडी १२७ टक्क्यांची आणि परीक्षेत ते नुकसान जवळपास दिसलंच नाही. पण फायदाही दिसला नाही, हे 'एआय ट्यूटर' विकणारे सांगत नाहीत.

तुमच्या नववीतल्याला एक करायला सांगा. बॉटने सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन बंद ठेवून, कोऱ्या कागदावर. आठवण काढायला भाग पाडलं की टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने ४० टक्के आठवला, आणि एकदा वाचून तीनदा स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. सगळं गौडबंगाल त्या पाच मिनिटांत आहे. प्रात्यक्षिकातला हत्ती पण पाचच मिनिटं नाचतो.


गोणपाट · मंगळवार, सकाळी ७:३०

हत्तीवाल्याला हा धागा पाठवून द्या कुणीतरी.

कोरी पाटी, मी पत्र्यांवरून मागे हटत नाही, पण टॅब येणारच असतील तर तासाच्या आत नको यावर मीही सहमत. निर्णय काय झाला ते लिहा. नाहीतर इथले धागे असेच लोंबकळत राहतात.


कोरी पाटी · सात आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१५

लिहायला उशीर झाला. मध्ये संकलित चाचणी, मग पोषण आहाराची तपासणी, मग केंद्र-स्तरावरच्या स्पर्धा. असो.

टॅब आले. १४ पैकी १३ चालू, एकाचा पडदा येतानाच तडकलेला. बदलून मिळायला दीड महिना गेला.

गणिताचे तास मी सोडले नाहीत. मुख्याध्यापकांना लिंडनचे दोन आकडे कागदावर लिहून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "गुजरातचं इथे कशाला?" मग मी म्हटलं, सर, आपल्याच सातवीचं बघा. पाचवीच्या पुस्तकातले दहा प्रश्न काढून वर्गाला दिले. कागद तपासून त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यावर ते काही बोलले नाहीत, वेळापत्रक मात्र तसंच राहिलं.

वेळ सापडली ती सकाळची. संध्याकाळी मुलं थांबू शकत नाहीत, पण वाड्यांवरची मुलं सव्वानऊलाच येऊन आवारात खेळत असतात, कारण जीप त्यांना तेव्हाच आणून सोडते. हे माझ्या नजरेसमोर रोज होतं. साडेनऊ ते सव्वादहा टॅब, मग परिपाठ. तिन्ही वर्ग एकदम घेत नाही. इयत्ता बाजूला ठेवून अध्ययन स्तराप्रमाणे तीन गट केलेत. प्रत्येकाला आठवड्यातून दोन दिवस. मी मधे फिरते. दिल्लीतल्या त्या उरलेल्या ४५ मिनिटांतला माणूस मीच.

पहिल्या आठवड्यातलं एक सांगते. सातवीतला एक मुलगा, त्याच्या नावापुढे भराभर चांदण्या. सगळ्यांत पुढे. मी मागून जाऊन उभी राहिले. कोपर बाकावर, हनुवटी तळहातावर, दुसऱ्या हाताचा अंगठा 'मदत' या बटणावर. एकदा दाबलं, इशारा आला. वाचला नाही. दुसऱ्यांदा, आणखी मोठा इशारा. तिसऱ्यांदा दाबलं की उत्तरच येतं. ते उत्तर टाकलं, चांदणी चमकली. पुन्हा अंगठा 'मदत'वर. मला रागही आला आणि हसूही. किती शिस्तीने करत होता!


रात्रपाळी · शनिवार, संध्याकाळी ६:००

या अंगठ्याला शास्त्रात नाव आहे. रायन बेकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वर्गात बसून मुलं यंत्राला कशी चकवतात याची नोंद केली होती. अगदी हेच: इशाऱ्यांवर टकटक करत शेवटच्या उत्तरापर्यंत जायचं, नाहीतर सगळे पर्याय एकामागून एक ठोकायचे. निष्कर्ष असा की जी मुलं शेजाऱ्याशी गप्पा मारत वेळ घालवत होती त्यांच्यापेक्षाही या चकवणाऱ्यांचं शिकणं जास्त बुडत होतं. तुम्ही काय केलंत?


कोरी पाटी · शनिवार, संध्याकाळी ६:४०

टॅबशेजारी वही सक्तीची केली. गणित आधी वहीत, पायऱ्यांसकट, मग उत्तर टॅबवर. वेग निम्म्याने घटला, चांदण्या आटल्या, दोन दिवस सगळे रुसून होते. पण वह्या माझ्या हातात यायला लागल्या. तुमचं यंत्र क्लिक बघतं म्हणालात ना, मी त्या वह्या बघते.

त्यात सापडलेली गोष्ट विचारायलाच खरंतर आज बसले. टॅबच्या अहवालात एका मुलीचं दशांश अपूर्णांकांत 'प्राविण्य ८२ टक्के'. वहीत मात्र ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं. विचारलं, का गं? म्हणाली, पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. यंत्राने तिला दिलेल्या बहुतेक प्रश्नांत दोन्ही संख्यांमध्ये दशांश चिन्हापुढे अंकांची संख्या सारखीच होती, ०.४५ आणि ०.५२ अशी. तिथे तिची युक्ती दरवेळी बरोबर यायची! आणि ती एकटी नाही. ४१ पैकी १७ जण तेच करतात, त्यात आठवीतलेही आहेत.

निमित्तमात्र सर, अजून एक: संकलित चाचणीचे गुण फारसे हलले नाहीत म्हणून मंडळातून फोन आला. काय सांगू?


निमित्तमात्र · शनिवार, रात्री ८:१०

सांगा की दिल्लीतही शाळेच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे नाहीत. सहावीतल्या मुलाला तिसरीचं गणित यायला लागलं तरी सहावीच्या प्रश्नपत्रिकेत ते दिसत नाही. तुमचे पाचवीचे दहा प्रश्न आहेत ना? तेच पुन्हा द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो पाठवा.


सूर्यफूल_७१ · शनिवार, रात्री ८:३०

अगं, ०.४५ ची चूक मी तीस वर्षं पाहिली. आम्ही पैशांवर न्यायचो: अर्धा रुपया म्हणजे ५० पैसे, आणि हे ४५ पैसे. कोणते जास्त?


कोरी पाटी · शनिवार, रात्री ८:५०

सूर्यफूल ताई, करून पाहिलं. मुलांनी पैसे पाहिलेच नाहीत! एकाने विचारलं, "बाई, पैसे म्हणजे रुपयेच ना?"


सूर्यफूल_७१ · शनिवार, रात्री ९:०५

हो की, माझ्या लक्षातच नाही आलं. मग शिंप्याची टेप आण. एक मीटर ताणून धर. ०.५ मीटरवर तिला बोट ठेवायला सांग, मग ०.४५ वर. तू काही बोलू नकोस. बोट कुठल्या बाजूला जातं ते तिचं तिलाच दिसू दे. मग तिलाच बाकीच्या सोळा जणांना दाखवायला लाव.


कोरी पाटी · शनिवार, रात्री ९:१०

टेप शेजारच्या काकूंकडे आहे. उद्या मागून ठेवते, सोमवारी साडेनऊला तिचाच गट आहे.